वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्डेकाई हाफकिन (जन्म : १५ मार्च १८६०, ओडेसा, मृत्यू : २६ ऑक्टोबर १९३०, लोझान) हे पटकी आणि प्लेग या रोगांवरील लशी तयार करणारे जीवाणुशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म रशियन साम्राज्यात झाला आणि शास्त्रीय घडण पॅरिसमध्ये झाली. आयुष्यातील महत्त्वाची दोन दशके मात्र प्रामुख्याने भारतात गेली. परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

प्लेगची लस शोधणारे शास्त्रज्ञ एवढीच त्यांची ओळख शालेय पुस्तकांतून होते. ती खरी असली तरी अपुरी आहे. १८९६–९७ च्या साथीत सरकारी यंत्रणा आणि भयभीत जनता यांच्यातील विश्वास जवळजवळ संपुष्टात आला होता. अशा वेळी परक्या देशातील एका वैज्ञानिकाने लोकांना दंडाच्या धाकाने नव्हे, तर डोळ्यांदेखत दिलेल्या पुराव्याने लस घेण्यास प्रवृत्त केले. पुढे एका दुर्घटनेनंतर त्याच सरकारने चौकशीतील माहिती वर्षानुवर्षे दडवून ठेवली आणि त्याची किंमत हाफकिन यांना मोजावी लागली.

प्रारंभिक जीवन

हाफकिन यांचा जन्म काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. शालेय शिक्षण बर्द्यान्स्क येथे झाल्यावर त्यांनी ओडेसातील विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. मेचनिकोव्ह पुढे रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

झारविरोधी चळवळीशी हाफकिन यांचा विद्यार्थिदशेतच संबंध आला. १८८१ मध्ये ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा स्वसंरक्षण दलात ते सामील झाले, जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. मेचनिकोव्ह यांच्या मध्यस्थीमुळे त्यांची सुटका झाली. पदवीनंतर ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात त्यांनी काम केले; परंतु ज्यू असल्यामुळे वरच्या पदाचा मार्ग बंद होता. धर्मांतर केल्यास तो खुला झाला असता. त्यांनी ते नाकारले.

१८८८ मध्ये ते जिनेव्हाला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला गेले. पाश्चर संस्थेत त्या वेळी केवळ ग्रंथपालाची जागा रिकामी होती, तीच त्यांनी स्वीकारली. दिवसा ग्रंथालय आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा अशा क्रमाने त्यांचे संशोधन सुरू झाले.

पटकीची लस आणि कलकत्ता

पटकीच्या जंतूंवर प्रयोग करून हाफकिन यांनी लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. युरोपातील मान्यवरांनी या यशाकडे संशयानेच पाहिले. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या सूचनेवरून या लशीची कसोटी भारतात घेण्याचे ठरले आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास पोहोचले.

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या काटाल बागान वस्तीत पटकीचा उद्भव झाला. लस टोचण्यास गेलेल्या पथकावर प्रारंभी दगडफेक झाली, असे सांगितले जाते. त्या वेळी हाफकिन यांनी आपला सदरा वर करून जमावासमोर स्वतःला टोचून घेतले, अशीही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांच्यासोबत चौधरी, घोष, चॅटर्जी आणि दत्त हे बंगाली डॉक्टर होते. या डॉक्टरांनी लोकांच्या भाषेत केलेल्या बोलण्याचा वाटा हाफकिन यांच्या धैर्याइतकाच मोठा मानला पाहिजे. वस्तीतील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तेथे पटकीचे दहा रुग्ण आढळले व सात दगावले. हे सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. पुढे आसामच्या चहामळ्यांतही त्यांनी टोचणीची मोहीम राबवली. १८९५ अखेरपर्यंत सुमारे ४२,००० लोकांना लस देऊन झाली होती. अतिश्रमामुळे आणि हिवतापामुळे प्रकृती ढासळल्याने त्यांना युरोपात परतावे लागले. पण १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात आले.

मुंबईतील प्लेग : हुकूम आणि अफवा

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग शिरल्याची माहिती डॉ. अकासियो व्हिएगस यांनी महापालिकेच्या स्थायी समितीस दिली. मूळचे गोव्यातील हडफडे गावचे व्हिएगस हे पालिकेचे सदस्य होते. प्लेग हा शब्द उच्चारला जाताच बंदराचा व्यापार धोक्यात येणार होता, त्यामुळे अधिकृत भाषेत काही काळ संशयास्पद ताप अशीच संभावना चालू राहिली. ज्यांच्या शेजारी माणसे मरत होती त्यांना मात्र हा ताप निराळा असल्याचे केव्हाच कळले होते. यंत्रणेचे शब्द आणि लोकांचा अनुभव यांत पहिली फट येथेच पडली.

६ ऑक्टोबरला महापालिका आयुक्त स्नो यांनी रुग्णांना सक्तीने वेगळे करून रुग्णालयात हलवण्याची अधिसूचना काढली. सक्ती का, रुग्णालयात नेमके काय होते, नातेवाइकांना भेटता येईल काय, जातिधर्माचे आचार पाळता येतील काय, या प्रश्नांची उत्तरे लोकांपर्यंत पोहोचण्याआधीच हुकूम पोहोचला. उत्तरांची जागा अफवांनी घेतली. रुग्णालयात माणसे मारून त्यांच्या शरीरातून औषध काढतात, अशा वावड्या उठल्या. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर चाल केली. त्यानंतर नियम सैल करावे लागले. लोकांनी शहर सोडण्यास सुरुवात केली आणि फेब्रुवारी १८९७ पर्यंत सुमारे साडेआठ लाखांच्या मुंबईतून जवळपास चार लाख माणसे बाहेर पडली. त्यांच्याबरोबर रोगही लोहमार्गाने आणि जलमार्गाने पसरला. कल्याणसारख्या जंक्शनवर प्रवाशांना उतरवून तपासले जाऊ लागले.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम अमलात आला. त्यामुळे घरझडती, प्रवासबंदी आणि विलगीकरण यांसाठी सरकारला व्यापक अधिकार मिळाले. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. देवघर, स्वयंपाकघर आणि स्त्रियांचा वावर असलेल्या खोल्या यांत बूट घालून शिरणाऱ्या सैनिकांविषयीच्या तक्रारींना दाद मिळाली नाही. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. मुंबईतही ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात प्लेगच्या तपासणीवरून दंगल उसळली.

हाफकिन यांच्या लशीला लोकांसमोर जायचे होते ते या वातावरणात. सरकारने पाठवलेला डॉक्टर म्हणजे झडती घेणाऱ्या सैनिकाचाच भाऊबंद, असे समजणाऱ्यांना दोष देणे कठीण आहे.

प्लेगची लस

७ ऑक्टोबर १८९६ रोजी हाफकिन मुंबईत आले. त्यांना ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला; मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली. प्लेगचे जंतू मांसरसाच्या पोषक द्रवात वाढवून, मग उष्णतेने मारून ती बनवली जाई. जंतूंची वाढ चांगली व्हावी म्हणून द्रवाच्या पृष्ठभागावर साजूक तुपाचे थेंब सोडत; त्यांना धरून जंतूंच्या झुंबरासारख्या लोंबत्या शिरा तयार होत. पोषक द्रवासाठी गाईच्या वा डुकराच्या मांसाऐवजी बोकडाचे मांस वापरण्यात आले. या बारकाव्याकडे सहसा दुर्लक्ष होते. लशीत काय आहे, हा प्रश्न हिंदू व मुसलमान दोघेही विचारणार, हे ओळखून उत्तराची तयारी बाटलीतच केलेली होती.

१० जानेवारी १८९७ रोजी सहकारी डॉ. सर्वेयर यांच्याकडून हाफकिन यांनी स्वतःला दहा घन सेंटिमीटर लस टोचून घेतली. पुढे सर्वसाधारण माणसासाठी ठरलेल्या मात्रेच्या ती सुमारे चौपट होती. त्यांना ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या. काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतर महाविद्यालयातील प्राध्यापक व विद्यार्थी पुढे आले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी लस घेतली आणि दोन्ही गटांतील फरक काही दिवसांतच दिसून आला. कैद्याची संमती कितपत मोकळी असते, ही शंका आज कोणीही घेईल. त्या काळी ती फारशी कोणी घेतली नाही.

संमती, साक्ष आणि दाखला

लस ऐच्छिक असावी, असा हाफकिन यांचा आग्रह होता. त्यामागे तत्त्व होते तसाच व्यवहारही होता. टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येई, दंड दुखे, हातावर पोट असणाऱ्याची मजुरी बुडे. जबरदस्तीने टोचलेल्या माणसाला हाच ताप विषबाधेचा पुरावा वाटला असता. आधी समजावून सांगितलेल्या माणसाला तो अपेक्षित त्रास वाटे. म्हणून लशीचे त्रास न लपवता सांगणे हा मोहिमेचा भाग झाला.

दुसरा मार्ग होता लोकांच्या स्वतःच्या पुढाऱ्यांचा. खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख आगाखान तिसरे यांनी अनुयायांसमोर उघडपणे लस टोचून घेतली आणि माझगाव येथील आपली खुश्रू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली. परिणामी खोजा समाजातील हजारो लोकांनी लस घेतली. सरकारी जाहिरनाम्याला जे जमले नाही ते एका विश्वासू माणसाच्या उघड्या दंडाने साधले. पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला, तोही याच गरजेतून. रोग्यांना रुग्णालय नको होते असे नाही. परक्यांच्या हुकमातील रुग्णालय नको होते.

तिसरे साधन म्हणजे आकडे. पोर्तुगीज अमलाखालील दमणमध्ये १८९७ साली ८,२३० लोकसंख्येपैकी २,१९७ जणांनी लस घेतली. त्यांपैकी ३६ मृत्यू पावले. न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ दगावले, म्हणजे जवळपास चारांतला एक. अशा तुलनेवर आक्षेप घेता येतो, कारण लस घेणारे लोक मुळातच अधिक सुस्थितीतले किंवा अधिक सावध असू शकतात. हा आक्षेप हाफकिन यांनाही ठाऊक होता. म्हणून फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंधेरा गावी त्यांनी वेगळी रीत वापरली. प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस देण्यात आली, म्हणजे घर, अन्न, पाणी आणि ऐपत दोन्ही गटांना सारखीच राहिली. ५१३ जणांनी लस घेतली, ४३७ जणांनी घेतली नाही. पहिल्या गटात ३, तर दुसऱ्या गटात २६ मृत्यू झाले. एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांमधील हा फरक समजून घेण्यास कोणाला संख्याशास्त्र शिकावे लागत नव्हते. अर्थात दुसऱ्या गटातील त्या २६ जणांची आठवण ठेवूनच हा प्रयोग वाचावा लागतो.

याशिवाय लस घेतलेल्यांना दाखला मिळू लागला. तो असलेल्यांना प्रवासातील अटकाव आणि विलगीकरणाच्या छावण्या यांतून सवलत मिळे. येथे ऐच्छिकतेची रेषा पुसट होते, हे नमूद केले पाहिजे. छावणीच्या भीतीने घेतलेली लस पूर्णपणे स्वखुशीची म्हणता येत नाही. तरीही धारवाड, हुबळी या भागांत १८९८ साली लस घेणाऱ्यांची संख्या फार मोठी होती.

१८९७ मध्ये ब्रिटिश सरकारने हाफकिन यांना सी. आय. ई. हा किताब दिला. सर टॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय प्लेग आयोगाने त्यांच्या आकडेवारीच्या अचूकतेवर टीका केली, पण लशीमुळे रोगाचे व मृत्यूचे प्रमाण घटते हा मुद्दा मान्य केला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते झाले आणि हाफकिन तिचे संचालक झाले. सैन्याच्या किंवा भारतीय वैद्यकीय सेवेच्या परंपरेत न वाढलेला, वैद्यकाची पदवी नसलेला, रशियातून आलेला ज्यू एवढ्या मोठ्या पदावर बसावा, हे अनेक अधिकाऱ्यांना रुचले नव्हते.

मुल्कोवाल दुर्घटना

१९०२ मध्ये पंजाब सरकारने प्लेगविरुद्ध प्रचंड मोहीम आखली. लशीची मागणी इतकी वाढली की परळच्या प्रयोगशाळेला उत्पादनाची पद्धत अधिक वेगवान करावी लागली. पूर्वी वापरले जाणारे कार्बोलिक आम्ल गाळून केवळ उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातील मुल्कोवाल या गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सर्व मृत्यू पावले. या एकोणीसही जणांना ५३-एन या क्रमांकाच्या एकाच बाटलीतील लस मिळाली होती. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळमध्येच, लस दूषित झाली असावी, असे आयोगाचे मत पडले. बदललेल्या पद्धतीवर त्याचा ठपका आला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

तथापि चौकशीत नोंदलेल्या साक्षींमध्ये एक महत्त्वाची गोष्ट होती. मुल्कोवाल येथे बाटलीचे बूच काढताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करताच पुन्हा वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ते जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते तर उघडताना दुर्गंधी जाणवली असती. तशी ती जाणवली नव्हती. हे सारे सरकारच्या दप्तरात होते, पण जनतेसमोर किंवा शास्त्रज्ञांसमोर नव्हते. पूर्ण कागदपत्रे प्रसिद्ध व्हायला घटनेनंतर तब्बल चार वर्षे लागली.

हे मौन दोन्ही बाजूंनी घातक ठरले. पंजाबातील खेडुतांपर्यंत एवढीच वार्ता गेली की सरकारी सुईने एकोणीस माणसे मारली. ती का मेली आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून काय केले, हे त्यांना कोणी सांगितले नाही. टोचणीला मिळणारा प्रतिसाद ओसरला आणि पंजाबात प्लेगने पुढील वर्षांत लक्षावधी बळी घेतले. दुसरीकडे हाफकिन यांना आपला बचाव मांडण्यासाठी ज्या पुराव्यांची गरज होती, तेच त्यांना उघडपणे वापरता येत नव्हते.

कागदपत्रे बाहेर आल्यावर हिवतापावरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळवलेले सर रोनाल्ड रॉस यांनी १९०७ मध्ये लंडनच्या द टाइम्स मधून या प्रकरणाला वाचा फोडली. निर्दोष माणसाला शिक्षा झाली एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते; खरे कारण न सांगितल्यामुळे लशीवरील लोकांचा विश्वास नाहक गेला, हा त्यांचा मुख्य रोख होता. जुलै महिन्यात रॉस यांच्यासह अनेक नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. ब्रिटिश पार्लमेंटमध्येही प्रश्न विचारले गेले. फ्रान्समधील ड्रेफस खटल्याशी साम्य दिसल्याने काहींनी यास छोटे ड्रेफस प्रकरण असेही संबोधले. अखेर १९०७ च्या उत्तरार्धात सरकारने हाफकिन यांना पुन्हा सेवेत येण्याचे निमंत्रण दिले.

उत्तरायुष्य

हाफकिन भारतात परतले, पण परळला नाही. तेथील जागा भरली गेली होती, त्यामुळे त्यांना कलकत्त्यातील प्रयोगशाळेत नेमण्यात आले. माणसांवर लशीच्या चाचण्या घेण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. ज्यांचे सारे यश वस्त्यांत आणि खेड्यांत लोकांसमोर उभे राहून मिळवलेले होते, त्यांना उरलेली वर्षे चार भिंतींत काढावी लागली. वयाची ५५ वर्षे पूर्ण होताना, १९१५ च्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपात परतले.

त्यांनी विवाह केला नाही. उत्तरायुष्यात ज्यू धर्मपरंपरेकडे त्यांचा ओढा वाढला. १९१६ मध्ये त्यांनी सनातन ज्यू आचारांचे समर्थन करणारा निबंध लिहिला आणि पुढे आपली संपत्ती पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांतील विद्यार्थ्यांसाठी दिली. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे स्थायिक झाले आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

स्मृती

परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये मुंबई जीवाणुशास्त्र प्रयोगशाळा असे झाले होते. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले; तेव्हा ते हयात होते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा पाठवल्या गेल्या. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. १९७५ मध्ये लसनिर्मितीचा विभाग संस्थेपासून वेगळा करून स्वतंत्र सरकारी महामंडळ स्थापन करण्यात आले. १८९७ चा साथरोग अधिनियमही दीर्घकाळ लागू राहिला. २०२० मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्रात जे निर्बंध लादले गेले, त्यांच्या आदेशांत याच कायद्याचा आधार घेतलेला होता.